तपकिरीच्या कुपीवरची युरोपीय बाई

जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर उंचीची तांब्याची कुपी. तिच्या पोटावर मीनाकारीत रंगवलेली युरोपीय बाई: कुरळे केस, खोल गळ्याचा झगा, कुशीत गुबगुबीत मूल, मागे झाडी. कुपी उलटी केली की तळाशी चार चिनी अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ, ‘छ्येनलुंगच्या कारकिर्दीत बनवलेली’. अठराव्या शतकातील अशा कुप्या आज बीजिंग आणि तैपेईच्या राजवाडा-संग्रहालयांत आहेत. ‘युरोपीय प्रभावाचा नमुना’ अशी त्यांची ओळख करून दिली जाते. पण हा प्रभाव नेमका कोणाच्या हुकमाने आला, हे तपासले तर चित्र बदलते.

तपकीर चीनला परकीच. 1684 मध्ये सम्राट कांगशी नानजिंगला आला असता जेझुइट पाद्र्यांनी त्याला भेटी दिल्या. त्याने बाकीच्या परत केल्या आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली. पोर्तुगीज जहाजांतून ब्राझीलची तंबाखू गोव्यात येई, तशीच मकावलाही पोहोचे. आपल्याकडे तपकिरीची डबी रूढ झाली, युरोपातही डबीच होती. चिन्यांनी मात्र औषधाची कुपी निवडली. घट्ट बुचामुळे दमट हवेत तपकीर सादळत नसे, आणि बुचालाच जोडलेल्या चिमुकल्या चमच्याने ती काढता येई. म्हणजे वस्तू घेतली, पण तिचे भांडे आपल्या सोयीने ठरवले.

मीनाकारीचेही तसेच. तांब्यावर तारांचे कप्पे करून त्यांत रंगीत काच वितळवण्याची कला चीनमध्ये मिंग काळापासून रुळलेली होती. नवी होती ती युरोपातली, तारांशिवाय कुंचल्याने मीना रंगवण्याची रीत. कांगशीला ती आपल्या राजवाड्यातल्या कारखान्यात हवी होती. 1716 च्या सुमारास त्याने मात्तेओ रिपा आणि जुझेप्पे कास्तिल्योने या दोघा इटालियनांना मीनाकारीला बसवले. ही कला दोघांनाही येत नव्हती. रिपाने आठवणींत लिहून ठेवले आहे, की शिकायचेच नाही असे ठरवून त्यांनी मुद्दाम इतके वाईट रंगवले, की सम्राटाने त्यांना या कामातून मोकळे केले. पुढे 1719 मध्ये ग्राव्हेरो हा जाणकार फ्रेंच जेझुइट दाखल झाला. गुरूच्या आसनावर बसलेला युरोपीय या हकिगतीत कुठेही दिसत नाही. दिसतात ते कामाला जुंपलेले कारागीर.

हे नाते पुढे आणखी स्पष्ट झाले. 1724 मध्ये सम्राट युंगचेंगने ख्रिस्ती धर्मप्रसारावर बंदी घातली. प्रांतांतल्या पाद्र्यांची रवानगी ग्वांगझौला झाली. चित्रकला, खगोलशास्त्र अशा कामांचे जाणकार तेवढे बीजिंगमध्ये राहिले. त्याच राजवटीतल्या 1728 च्या दरबारी नोंदींत कारखान्याने स्वतः तयार केलेल्या नव्या मीनारंगांची यादी सापडते. रंगांसाठी परदेशाकडे पाहण्याची गरज संपत आली होती. ग्वांगझौचे चिनी कारागीरही राजवाड्यात आणले जात.

ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन कुपीवरच्या बाईकडे पुन्हा पाहावे. आई आणि मूल ही जोडी ख्रिस्ती चित्रपरंपरेत मेरी आणि बाळ येशूची. कुपीवर मात्र तेजोवलय नाही, क्रूसही नाही. जो धर्म सांगण्यासाठी पाद्री हजारो मैल आले, तो गळून पडला आहे. उरले आहेत छायाप्रकाशाने गोलाई आणलेले गाल, झग्याच्या चुण्या आणि परक्या मुलखाची गंमत.

त्याच काळात, 1720 नंतर, जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात हेरोल्ट हा चित्रकार चिनी मातीच्या पेल्यांवर छत्र्या घेतलेले, चहा पिणारे चिनी लोक रंगवत होता. ते लोक चीनमध्ये कुठेही आढळले नसते. युरोपच्या या हौसेला कलेतिहासात स्वतंत्र नाव आहे, तिच्यावर ग्रंथ आहेत. चिनी दरबाराने हेच केले की आपण त्याला ‘प्रभाव’ म्हणतो. एकाने दुसऱ्याला सजावटीत बसवले तर ती त्याची कल्पकता, आणि दुसऱ्याने तेच केले तर अनुकरण, हा न्याय बरोबर नाही.

पेल्यावरच्या चिनी माणसाइतकीच कुपीवरची बाईही कल्पनेतली आहे. तिचा मुलूख कोणता, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. ती कोणासाठी रंगवली गेली, ते तळाची चार अक्षरे सांगतात.