संग्रहालयाच्या दुकानात काय विकता येत नाही?



सिनॉप्सिसमधला 'संशोधनाच्या मर्यादा' हा भाग आपल्यापैकी बरेच जण शेवटच्या रात्री लिहितात. 'वेळ व साधने यांच्या मर्यादेमुळे...' असं एक वाक्य टाकलं की झालं! मीही तेच केलं होतं. आज मर्यादांबद्दलच बोलायचंय, पण सुरुवात करूया खुल्या इतिहास-संग्रहालयांतल्या खाण्याच्या आणि खरेदीच्या दुकानांपासून.

खुलं संग्रहालय म्हणजे काय? जुन्या इमारती मोकळ्या जागेत उभ्या करायच्या आणि त्यांत त्या काळचं जगणं चालू स्थितीत दाखवायचं. आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला सुरू केलेलं स्कानसेन हे या प्रकारातलं आद्य उदाहरण. पुढे इंग्लंडमध्येही ब्लिस्ट्स हिल आणि बीमिश अशी संग्रहालयं उभी राहिली.

दुकानात काय दिसतं?

ब्लिस्ट्स हिलमध्ये साधारण १९०० चं गाव आहे. तिथल्या बँकेत आजचे पैसे देऊन जुन्या पद्धतीची नाणी घेता येतात. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. हा हिशेब ब्रिटनमध्ये १९७१ पर्यंत चालू होता. ती नाणी घेऊन तुम्ही गावातल्या दुकानांत खरेदी करू शकता. बीमिशमध्ये ॲनफील्ड प्लेन गावातलं सहकारी भांडार मूळ जागेवरून उचलून आणून उभं केलंय. तिथल्या एका दुकानात मासे आणि बटाटे कोळशाच्या भट्टीवर, गाईच्या चरबीत तळतात, कारण तेव्हा तसेच तळत.

इमारत खरी, इंधन खरं, चरबीही खरी. मग चवही खरी? इथेच थांबा.

काय दिसत नाही?

१८५१ ते १८५४ या काळात आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी लंडनच्या दुकानांतून पदार्थ विकत आणले, सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक कसोट्यांनी तपासले आणि निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले, तेही दुकानदारांच्या नावापत्त्यांसह! पावात तुरटी होती. तिने हलक्या पिठाचा पाव पांढरा दिसतो. रंगीत गोळ्यांत शिसं, तांबं आणि पारा यांची संयुगं होती.

१८५८ मध्ये ब्रॅडफर्डला तर कहर झाला. साखर महाग, म्हणून मिठाईवाला गोळ्यांत जिप्समसारखी पांढरी पूड घालायचा. औषधविक्रेत्याच्या दुकानातून त्या पुडीऐवजी चुकून आर्सेनिक दिलं गेलं. बाजारात विकलेल्या त्या गोळ्यांनी सुमारे २० जणांचा जीव घेतला, दोनशेहून अधिक आजारी पडले. मेलेल्यांत लहान मुलंही होती.

आता सांगा, ही चव कुठलं संग्रहालय विकेल? विकूही नये! ग्राहकाचा जीव आणि आजचा कायदा इतिहासापेक्षा मोठे आहेत.

इथे कुणी म्हणेल, १९०० पर्यंत परिस्थिती सुधारली होती. बरोबर आहे. १८६० आणि १८७५ चे भेसळविरोधी कायदे तोवर आले होते. त्याआधी १८४४ मध्ये रॉचडेलच्या कामगारांनी शुद्ध माल आणि पुरं माप देणारं सहकारी दुकान काढलं. बीमिशचं भांडार त्याच चळवळीतलं. म्हणजे तिथली शुद्ध साखर हा एका लांबलचक लढ्याचा निकाल आहे. दुकानात निकाल दिसतो, लढा दिसत नाही. बरणीतली गोळी चघळताना ती भेसळ आठवायची तर हॅसलचे अहवालच उघडावे लागतात.

आपल्या कामासाठी

मी विज्ञानाचा विद्यार्थी. प्रयोगात एखादा घटक मुद्दाम वगळला तर तो नोंदवायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. इतिहासाच्या साधनांनाही हेच लागू आहे. तुमचं साधन जुनं वर्तमानपत्र असो, मुलाखत असो की वस्तू, त्याला तीन प्रश्न विचारा:

१. यातलं मूळ काय आणि नंतर बदललेलं काय?
२. हे साधन स्वभावतःच काय दाखवू शकत नाही?
३. ते न दिसणारं दुसऱ्या कुठल्या साधनात सापडेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमच्या मर्यादा. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे बऱ्याचदा तुमचा पुढचा अभ्यास.

तुमचा सिनॉप्सिस तयार असेल तर आजच ते मर्यादांचं वाक्य खोडा आणि या उत्तरांवरून नवं लिहा. व्हायवात नेमकं तिथेच बोट ठेवतात!