थंडीत बोन्सायची पानं गळतायत? पाणी वाढवण्याआधी हे वाचा

डिसेंबर उजाडला की हौसेने आणलेल्या बोन्सायची पानं पिवळी पडायला लागतात. झाड सुकतंय असं वाटून आपण रोज थोडं जास्त पाणी घालतो. आठवडाभरात उरलेली पानंही गळतात. बऱ्याचदा अशी झाडं थंडीने मरतच नाहीत, ती जास्तीच्या पाण्याने मरतात.

असं का होतं?

जमिनीतल्या झाडाच्या मुळांभोवती मातीचा जाड थर असतो. बोन्सायच्या ट्रेमध्ये माती जेमतेम काही सेंटीमीटर. त्यामुळे रात्री हवा गार झाली की मुळंही लगेच गार पडतात. मुळं गार पडली की झाडाची वाढ मंदावते आणि पाण्याची गरज कमी होते. अशा वेळी माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाडही तहानलेलं दिसतं.

आधी झाड ओळखा

इंटरनेटवरचे बरेच सल्ले जपान, युरोप किंवा अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी असतात. मेपल, पाइन, जुनिपर ही तिथली झाडं. त्यांना वर्षातून काही आठवडे कडक थंडीची विश्रांती लागते, म्हणून ती घराबाहेरच ठेवतात आणि फक्त मुळं गोठू नयेत याची काळजी घेतात.

आपल्याकडे बोन्साय म्हणून जास्त दिसतात ते वड, पिंपळ, उंबर, फायकस, जेड आणि अडेनियम. ही उष्ण हवेतली झाडं. पारा १५ अंशांच्या खाली गेला की त्यांची वाढ मंदावते आणि १० अंशांखाली पानांना इजा होऊ शकते. मुंबईत सहसा एवढी थंडी पडत नाही. निफाड, नाशिक, पुणे, नागपूरकडे मात्र पारा एक आकडी होतो. तिथे रात्री कुंडी छपराखाली, भिंतीजवळ सरकवा. गार फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला.

जुनिपरचं मात्र उलटं. तो घरात कोंडू नका, बाहेर उन्हातच ठेवा. तो मेल्यावरही काही आठवडे हिरवा दिसतो, त्यामुळे चूक उशिरा कळते.

पाणी कधी घालायचं?

वेळापत्रक लावू नका. बोट मातीत सुमारे २ सेंटीमीटर खुपसा. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर ट्रेच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. पाणी सकाळी, ऊन आल्यावर द्या. संध्याकाळी दिलं तर माती रात्रभर गार आणि ओली राहते. जेड आणि अडेनियमच्या खोडात पाणी साठलेलं असतं, त्यांची माती पूर्ण वाळू द्या. अडेनियमची पानं थंडीत गळणं हा त्याचा स्वभावच आहे.

ऊन, खत आणि कात्री

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात उन्हात असलेला कोपरा आता सावलीत जातो. शक्य असेल तर कुंडी दक्षिणेच्या गॅलरीत हलवा, चार-पाच तास ऊन मिळू द्या.

वाढ थांबलेली असताना दिलेलं खत झाड वापरत नाही. वडवर्गीय झाडांचं खत फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवा. कुंडी बदलणं, मुळं कापणं, मोठ्या फांद्या छाटणंही तोपर्यंत टाळा, कारण या दिवसांत जखमा हळू भरतात. तार बांधलेली असेल तर ती सालीत रुतत नाही ना, हे पाहत राहा. पानांच्या मागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसून कडुनिंबाचं तेल फवारा.

सगळी पानं गळली तर?

लगेच फेकू नका. बारीक फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडी असेल तर थोडं खाली, खोडाकडे तपासा. कुठेही हिरवं सापडलं तर पाणी बेतानेच द्या, ऊन दाखवा आणि वाट पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा तापली की तिथूनच नवा कोंब फुटू शकतो.