साडेचारची लाईन

घर मूर्तिजापुरातलं, महिना मे. ही कुण्या एका घराची बातमी नाही. वऱ्हाडात दर उन्हाळ्यात कूलर ज्या क्रमाने माणसं नेतो, तो क्रम एका दिवसात मांडला आहे.

मार्च, रविवार
माळ्यावरून लोखंडी कूलर उतरतो. वाळ्याच्या नव्या ताट्या येतात, पंप मात्र जुनाच राहतो. हा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी क्षारांचं. अशा पाण्यात बुडून राहिलेल्या पंपाच्या वायरीवर थर चढतो, आवरण कुठेतरी तडकतं. शिवाय खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वीज वाहून नेतं. खिडकीजवळचा बोर्ड दोनच भोकांचा, म्हणून अर्थिंगची हिरवी तार कापून टू-पिन बसवलेली असते. या सगळ्या क्रमात मला हीच चूक सगळ्यात वाईट वाटते, कारण तिच्यामुळे कूलरचं काहीच अडत नाही.

मे, सकाळी ७
अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर कुणाचं लक्ष नाही. काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या मातीत वीज मुरत नाही. खड्ड्याचा रोध ५० ओहम झाला, तर २३० व्होल्टला त्यातून साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने पडत नाही. म्हणजे हिरवी तार शाबूत असती, तरी कूलरचा पत्रा जिवंतच राहिला असता. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणं आणि उन्हाळ्याआधी वायरमनकडून रोध मोजून घेणं, ही दोन्ही कामं राहून गेली.

दुपारी १
बाहेर पारा ४४ वर.
“आई, कूलरले हात लावला का करंट मारते.”
“चप्पल घालून लाव ना बाप्पा.”
पंपाचं आवरण फुटलंय, वीज पाण्यातून पत्र्यावर उतरली आहे. रबरी चपलेमुळे पोराला नुसत्या मुंग्या आल्या. साडेतीन तास आधी मिळालेली ही स्पष्ट सूचना होती. बटण बंद, प्लग बाहेर, वायरमनला फोन, बस. असा कूलर मी एक मिनिटही चालू ठेवणार नाही, घर तापलं तरी चालेल.

४.१०
लाईन जाते. कूलरचं बटण चालूच राहतं. कूलर बंद करून, प्लग काढूनच पाणी भरा, असं महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं. पण लाईनच नाही म्हटल्यावर प्लग काढायचं कुणाला सुचत नाही.

४.२०
बादलीने टाकी भरताना पाणी सांडतं. फरशी ओली, म्हणून पोरगा चपला बाहेर काढून येतो.

४.३०
ताट्या दुपारपासून नीट भिजत नव्हत्या. पंपाची नळी चाचपायला तो टाकीत हात घालतो. दुसरा हात पत्र्यावर.

४.३१
लाईन येते.
ओल्या अंगाचा रोध दीड हजार ओहम धरला, तर शरीरातून सुमारे १५० मिलिअँपिअर जातात. साधारण १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि धरलेलं सोडता येत नाही. १५० ला काही क्षणांत हृदयाचा ठोका बिघडू शकतो. एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह त्याच्या मर्यादेचा शंभरावा भागही नाही, त्यामुळे तो जागचा हलत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत फरक पडला की तो पडतो, आणि एवढ्या गळतीला ४० मिलिसेकंदांत. या घराच्या बोर्डात तो नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं, खटका पडला नाही तर तो बदलावा.

४.३२
आई धावते. तिने पोराला धरलं तर दोघंही अडकतील. आधी मेन स्विच पाडायचा. तो हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला कूलरपासून ढकलायचं.

४.३३
पोरगा हाकेला ओ देत नाही, श्वास नाही. एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, आणि रुग्णवाहिकेतले लोक हातात घेईपर्यंत दाबणं थांबवायचं नाही.