गोऱ्या शिपायाची काळी बीअर

आजचा भाग थोडा कडू आहे, आधीच सांगतो. २५च्या खाली असाल तर नुसता ऐका, इतिहास ऐकायला परमिट लागत नाही.

गेल्या डिसेंबरात पुण्यात एका टॅपरूममध्ये बसलो होतो. सोबत कॉलेजचा मित्र. मेनूकार्डवर आयपीएच्या खाली ती नेहमीची गोष्ट छापलेली : इंग्लंडहून भारतात येताना बीअर खराब व्हायची, मग भारतातल्या गोऱ्यांसाठी जास्त हॉप्सची बीअर बनवली, म्हणून ती इंडिया पेल एल. मित्र म्हणाला, "बघ, आपल्या नावाची बीअर." मी स्टाऊट मागवली होती. काळीकुट्ट, वर कॉफीच्या रंगाचा फेस. पहिला घोट घेतला आणि मला आजीच्या चुलीवरची करपलेली भाकरी आठवली. नंतर गुळाच्या पाकाचा वास, आणि शेवटी जिभेच्या मागे राहणारा कडवटपणा, बिनसाखरेच्या कॉफीसारखा. एक सांगतो, ही बीअर फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. थंडगार असली की सगळ्या चवी दडून बसतात. ग्लास दहा मिनिटं हातात धरायचा.

तर प्रश्न असा पडला, की इंग्रजांच्या काळात आपल्याकडे ही काळी बीअर यायची का? वाचत गेलो. यायची. भरपूर यायची. उलट ज्याला आपण 'इंडिया'ची बीअर म्हणतो, ती साहेबाची होती. साध्या शिपायाच्या मगमध्ये होती ती काळी पोर्टर.

पोर्टर म्हणजे अठराव्या शतकातल्या लंडनच्या हमालांची बीअर, नावच त्यावरून. त्यातली जी जास्त जड आणि कडक, ती 'स्टाऊट पोर्टर', पुढे नुसतीच स्टाऊट. अजून कडक केली की रशियन इंपीरियल, जी लंडनमधल्या थ्रेलच्या ब्रुअरीतून कॅथरीन राणीच्या दरबारात जायची. बार्लीवाईन हा वेगळा प्रकार. नावात वाईन आहे, पण द्राक्षाचा एक मणी नाही, सगळं जवाचं. वाईनइतकी कडक, म्हणून वाईन. द्राक्षांच्या नाशिक जिल्ह्यातला माणूस म्हणून मला या नावाची गंमत वाटते. आपल्याकडे बीअरची वरची मर्यादा ८ टक्के, त्यामुळे दहा-अकरा टक्क्यांची खरी बार्लीवाईन आपल्या नियमांत बीअर म्हणून बसतच नाही.

काळा रंग कुठून येतो? जवाला मोड आणायचे, वाळवायचे आणि मग भाजायचे. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने कॉफी भाजायच्या यंत्रासारखं फिरतं पिंप वापरून जव काळे भाजायचं पेटंट घेतलं. त्याआधी रंगासाठी बरंच तपकिरी माल्ट घालावं लागायचं. आता मूठभर काळं माल्ट घातलं की काम झालं.

१८१७ हे साल मराठी माणसाला दुसऱ्याच कारणाने माहीत असतं. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांचा पराभव. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह, आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख कंपनीकडे गेला. त्यात माझं चांदवडही आलं. ज्यांनी रंगमहाल बघितलाय त्यांना कळेल, होळकरांच्या लेखी हे काही कोपऱ्यातलं खेडं नव्हतं. इथे टांकसाळ होती, चांदवडी रुपया पडायचा. १८०४ मध्ये कर्नल वॉलेसने हा किल्ला एकदा घेतला होता, पण तेव्हा तो होळकरांना परत मिळाला. १८१८ ला गेला तो गेलाच. त्याच उन्हाळ्यात मॅकडॉवेलची फौज अंकाई, राजदेहेर, त्र्यंबक असे किल्ले घेत फिरत होती. मालेगावच्या भुईकोटाने मात्र तिला मे-जूनमध्ये चांगलंच रडवलं.

या फौजेतल्या गोऱ्या शिपायाला रोज मिळायचा तो अरक. ताडीपासून, तांदळापासून, गुळापासून गाळलेली जहाल दारू. ती सरकारच द्यायचं. शिवाय बाजारातली स्वस्त दारू होतीच. आता आकडा ऐका. १८६३ मध्ये भारतातल्या गोऱ्या सैन्याच्या आरोग्यावर रॉयल कमिशनचा अहवाल आला. वर्षाला दर हजारी ६९ शिपाई मरत होते. कॉलरा, ताप, हगवण, आणि त्यात दारू. फ्लोरेन्स नाइटिंगेलने त्या कमिशनसाठी जे लिहिलं, त्यात पलटणच आपल्या कँटीनमधून शिपायांना दारू विकते यावर तिने चांगलेच ताशेरे ओढले.

यावरचा एक उपाय होता पोर्टर. अरक कमी करा, बीअर द्या. हॉजसनची लंडनजवळची बो ब्रुअरी, जिचं नाव पेल एलच्या गोष्टीत हमखास येतं, ती १७५२ मध्ये सुरू झाली तीच पोर्टर बनवायला. भारतात तिची दोन्ही जायची. मग गोष्ट फक्त पेल एलची का उरली? मला वाटतं, कारण साधं आहे. पेल एल कलकत्त्याच्या लिलावात विकली जायची, तिच्या वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या, अधिकारी पत्रांतून तिचं कौतुक लिहायचे. पोर्टर सरकारी कंत्राटाने यायची, हजारो पिंपं, लेबल नाही, जाहिरात नाही. पिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना लिहिताच येत नव्हतं. आणि 'पेल एलच तेवढी समुद्रात टिकायची' हेही खरं नाही. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून पोर्टरही येतच होती. फक्त हॉप्स सढळ हाताने घालायचे.

सुवेझ, रेल्वे, सगळं नंतर. १८६१ मध्ये नाशिकजवळ देवळालीला लष्कराचा कँप झाला. नोकरी संपलेले शिपाई इथे जहाजाची वाट बघत बसायचे. जहाजं फक्त थंडीत सुटायची. ज्याची मुदत मार्च-एप्रिलमध्ये संपली, तो उन्हाळा-पावसाळा इथेच काढणार. काम नाही, कवायत नाही, ऊन, मलेरिया, आणि कँटीन. काहींची डोकी फिरायची. त्यातून इंग्रजीत शब्द आला 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे आपलं देवळाली, आणि टॅप म्हणजे नळ नव्हे बरं का, ताप. आपला साधा ताप. इंग्लंडमध्ये आजही वेड लागलेल्याला 'डूलाली' म्हणतात. २००९ मध्ये पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली, तिचं नाव डूलाली. टॅपरूममध्ये बसून आपण हसत हसत ज्या नावाने बीअर मागवतो, ते चांदवडपासून दीड-दोन तासांवरच्या कँपात कुढत बसलेल्या पोरांचं आहे. वय असेल तुमच्याइतकंच, पंचवीस-तीस.

तोवर बीअर इथेच बनायला लागली होती. एडवर्ड डायरने कसौलीला, मग १८६० मध्ये मरी ब्रुअरी, आणि पुढे मीकिनने चक्क आपल्या खडकीला. विसाव्या शतकात पिवळी थंड लागर आली आणि काळी बीअर भारतातून जवळजवळ गेली. शेजारी श्रीलंकेत लायन स्टाऊट अजून बनते, आठ टक्क्यांच्या पुढची.

आता जे माझ्या मनात अडकलंय ते. त्याच सरकारने १८७८ मध्ये मुंबई आबकारी कायदा केला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद, दारू सरकारी देखरेखीच्या डिस्टिलरीतून, कर भरून. म्हणजे गोऱ्या शिपायाला जहाल दारूवरून उतरवायचं ही काळजी, आणि आपल्या माणसाच्या दारूकडे बघायचं ते महसूल म्हणून. शिपायाला निदान बीअरचा पर्याय मिळाला. माझ्या मामाला शंभर वर्षांनंतरही तो नव्हता. चांदवडजवळच्या गावात त्याच्यासमोर होती ती देशी, एवढीच. लिव्हर गेलं, दवाखाना झाला, दीड एकर गेलं. सहा वर्षं झाली, सुटलीये. त्यामुळे आमच्या घरात दारू म्हणजे दारू. स्टाऊट आणि देशी यात फरक आहे असं मी आईसमोर म्हणू शकत नाही. खरं सांगायचं तर म्हणावंसं वाटतही नाही. टॅपरूममधल्या एका ग्लासाच्या पैशात गावाकडे एक रोज निघतो, तिथे 'टेस्टिंग'च्या गप्पा कुणाला मारायच्या?

पण त्या दिवशी ब्रुअरकडून मूठभर काळं माल्ट मागून घेतलं. नुसतं भाजलेलं धान्य, त्यात अल्कोहोल नसतं. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा ओट्यावर मामापुढे कागद उघडला. म्हटलं, "मामा, हे खाऊन बघा बरं." त्याने दोन दाणे चावले, तोंड वाकडं केलं.

"सातू हायेत. करपवले कुनी एवढे?"

म्हटलं, साहेबाने. मग त्याला व्हीलरपासून देवळालीपर्यंत सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. शिपाई जहाजाची वाट बघत प्यायचे तो भाग दोनदा विचारला. "मंग जहाज आलं की सुटायची का त्यांची?" मला उत्तर आलं नाही. उरलेले दाणे त्याने कोंबड्यांना टाकले. त्यांनीही फार मनावर घेतलं नाही.

पुढच्या भागात चांदवडची टांकसाळ. तोपर्यंत तुमच्या गावातून जुना आग्रा रोड जात असेल, तर त्यावरचे मैलाचे दगड, विहिरी, धर्मशाळा यांचे फोटो पाठवा. एक भाग त्यावर करायचाय.