मुंजाजी, जनाबाई आणि एक जून

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं की एक तारीख पुन्हा पुन्हा डोळ्यांत भरते. १ जून. खेड्यापाड्यांतल्या पिढ्याच्या पिढ्या कागदावर याच दिवशी जन्मल्या. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप पोराला खांद्यावर घेऊन यायचा, गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बापाचं उत्तर यायचं, "पोळ्याच्या आदल्या आठवड्यातला, पाऊस लागून राहिला होता बघा." गुरुजी पोराच्या डोक्यावरून हात फिरवत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत आणि अंदाजाने वर्ष ठरवत. तारीख मात्र ठरलेलीच असे. आजही एक जूनला निवृत्त शिक्षक, तलाठी, एस. टी.चे वाहक एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि त्यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं की हा वाढदिवस गुरुजींनी दिलेला आहे.

याला निव्वळ अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. या जिल्ह्यात साल मोजायची एकच पद्धत कधी नव्हतीच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. सरकारी दप्तर उर्दूत चाले आणि सालही सरकारी, म्हणजे फसली. इसवी सन १९४७-४८ म्हणजे फसली १३५७. हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि त्यातले महिने आजूर, दै, बहमन, फरवरदी, खुर्दाद, आबान असे इराणी नावांचे. मुसलमान घरांत सणवार हिजरीने पाळत. शेतकऱ्याच्या घरात चैत्र-वैशाख, अमावस्या-पुनव आणि नक्षत्रं. मूल मृगात झालं की हस्तात, हे आईला पक्कं आठवे. खुर्दादच्या कितव्या दिवशी झालं, हे तिला सांगायला कुणी येत नसे. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातली ही उर्दू कागदपत्रं पुन्हा बाहेर निघाली आणि पणजोबाचं नाव वाचून घेण्यासाठी उर्दू जाणणाऱ्याला गाठण्याची वेळ अनेक घरांवर आली.

वय मोजलं जाई ते घटनांवरून. रझाकारीत जन्मलेली, सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या आधीची, गंगेला मोठा पूर आला त्या सालची. (इथे गंगा म्हणजे गोदावरी, परभणीचा माणूस तिला दुसऱ्या नावाने क्वचितच हाक मारतो.) १९४७-४८ च्या, रझाकारांच्या धास्तीच्या महिन्यांत कित्येक कुटुंबांनी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आसरा घेतला. वाटेत किंवा छावणीत जन्मलेल्या मुलांचं वय घरात पुढे कधी चुकलं नाही. त्यांच्या आयांना तो दिवस विसरणं शक्यच नव्हतं.

सालोसाल जाहीरपणे साजरा होणारा वाढदिवस त्या काळी एकाच माणसाचा, तो म्हणजे निजामाचा. त्याला सालगिरह म्हणत आणि त्या दिवशी राज्यभर सुट्टी असे. 'गिरह' म्हणजे गाठ. दख्खनच्या मुसलमान घरांत मुलाच्या नावाने एक दोरा जपून ठेवत आणि दर वर्षी त्यात एक गाठ मारत. जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेलं 'कानून-ए-इस्लाम' १८३२ मध्ये लंडनमध्ये इंग्रजीत छापलं गेलं, त्यात या रिवाजाचं वर्णन आहे. वय बोटांनी चाचपून पाहता यावं ही कल्पनाच किती लोभस! पण कुणब्याच्या, मांगाच्या, महाराच्या, वंजाऱ्याच्या घरी अशी वार्षिक गाठ नव्हती. तिथले आनंदाचे दिवस सगळे सुरुवातीच्या महिन्यांत दाटीवाटीने यायचे, आणि त्या दाटीला कारण होतं.

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुलं वर्षाच्या आतच जात. पाचातलं एक. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की पाचवी, बारसं, उष्टावण, जावळ हे सोहळे वेगळेच दिसू लागतात. वर्षाची वाट बघण्याइतका धीर कुणाला होता? मूल पाच दिवस जगलं, हीच मोठी गोष्ट. मग बारा दिवस. मग दात येईपर्यंत. प्रत्येक सोहळा म्हणजे पार केलेला एकेक उंबरठा.

पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते. पुढ्यात कोरा कागद आणि लेखणी. देवी रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून दिवा मालवू द्यायचा नाही, बायकांनी जागायचं. जुन्या काळी जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात धनुर्वाताने मुलं दगावत. नाळ कापायला मिळेल ते पातं, त्यावर राख. रोगाचं नाव ठाऊक नव्हतं, पण घात याच दिवसांत होतो हे आयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. त्या रात्रीच्या जागरणात भक्ती होती तेवढीच राखणही होती.

नाळ कापणारी सुईण बहुतेक गावांत मांगवाड्यातली असे. गावातल्या थोरामोठ्यांच्या घरची मुलं पहिल्यांदा तिच्या हातांत आली. तिला मिळे पसाभर धान्य, खण, एखादं जुनं लुगडं. बाळंतिणीची न्हाणी आटोपली की त्याच घराचा उंबरठा तिला पुन्हा बंद होई. बारशाच्या पंगतीत तिचं पान नसे. परभणीच्या बाळपणाचा इतिहास लिहायचा तर ही गोष्ट पाळण्याच्या दोरीइतकीच ठळक लिहायला हवी.

बारसं मात्र सगळ्या आळीचं. बाजेला किंवा आढ्याला लुगड्याची झोळी बांधून तिचाच पाळणा होई; लाकडी पाळणा असणारी घरं मोजकी. कुंची घातलेला वरवंटा आधी पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात फिरतो. दगडासारखं टणक हो, असा त्याचा अर्थ. मग बाळ. आत्या कानात नाव सांगते, पाठीवर बायकांच्या हलक्या थापा पडतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. शिजवलेले गहू-हरभरे, वर गूळ-खोबरं. कापूस आणि ज्वारीच्या या काळ्या मातीत सण म्हटला की घरचंच धान्य पुढे येई.

आता नावं. परभणी जिल्ह्याचा नकाशा हरवला तर तो इथल्या मतदारयाद्यांतून बराचसा परत काढता येईल. नरहरी, नरसिंग भेटले की पोखर्णीचा नृसिंह आठवतो. परळीच्या रेल्वेमार्गावर त्या देवाच्या नावाचं स्टेशनच आहे. नागोराव, नागनाथ ही औंढ्याची देणगी, नामदेव नर्सीची. ही दोन्ही गावं १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्या जिल्ह्यात गेली, नावं इथेच राहिली. बालाजी, व्यंकटी हे तिरुपतीकडचे; मारोती तर गावोगावचाच. मुलींमध्ये गोदावरी, गंगाबाई, जनाबाई.

आणि मुंजाजी. मुंजाभाऊ, मुंजाबा. महाराष्ट्राच्या दुसऱ्या भागात हे नाव ऐकून माणूस थबकतो. परभणीत ते वर्गात दोघा-तिघांचं असायचं. लोकसमजुतीप्रमाणे मुंज झालेला पण सोडमुंजीच्या आधीच गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. गावाबाहेरच्या किंवा शेतातल्या पिंपळाखाली शेंदूर फासलेला दगड, तो त्याचा. ज्यांच्या घरात मुंजीची चालच नाही अशी शेतकरी कुटुंबंही त्याला नवस बोलतात आणि मूल झालं की त्याचं नाव ठेवतात. लहानपणीच गेलेला एक मुलगा दुसऱ्यांच्या मुलांचा राखणदार होतो, यात फार खोल माया आहे. अकाली गेलेल्या लेकराला या मुलखाने भूत म्हणून हाकललं नाही. हाक मारायला घरात ठेवलं.

मृत्यूला चकवण्याची दुसरी रीत महाराष्ट्रभर होती: आधीची मुलं गेली असतील तर नंतरच्याला दगडू, धोंडू, केरबा म्हणायचं. टाकाऊ वस्तू कोण नेणार? मुलींच्या बाबतीत मात्र नावामागचा अर्थ उलटा होता. नकुसा हे नाव देवाला चकवण्यासाठी नव्हतं, ते खरंखुरं नको होतं म्हणून होतं. साताऱ्यात २०११ मध्ये अशा शेकडो मुलींना नवी नावं देण्याचा समारंभ झाला. त्याच वर्षीच्या जनगणनेत परभणी जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८८४. घुगऱ्या वाटण्याचा आनंद सगळ्या लेकरांच्या वाट्याला सारखा आला नाही, हे हा आकडा सांगतो.

गंगाखेडची जनाबाई ही या जिल्ह्याची सर्वांत थोर लेक. परंपरा सांगते की दमा आणि करुंड यांची ही मुलगी लहान असतानाच पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला गेली. नामदेवाच्या घरचं दळण-कांडण करत तिचं आयुष्य गेलं. स्वतःचं बाळपण परक्याच्या अंगणात काढलेल्या या बाईच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठल लेकुरवाळा होऊन येतो: कुणी खांद्यावर, कुणी कडेवर, कुणी करंगळी धरून. देवाकडे पाहताना तिला पोरांनी वेढलेला संसारी माणूस दिसला. गोदाकाठी आजही आया पोरांना असंच नेतात, एक कडेवर, एक पदराला धरून.

पहिल्या वर्षातल्या सोहळ्यांवर मामाचा हक्क मोठा. उष्टावणाला खिरीचा पहिला घास मामा भरवतो, जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाळाची पहिली ओळख आजोळाशी. अंगडं-टोपडं, करदोडा, पायातले वाळे आणि डिंकाचे लाडू घेऊन लेक सासरी निघते. मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून ओतायची बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. रानात हुरडा आलेला असतो तेच हे दिवस. लुटायला आलेली पोरं ओच्यात भरून नेतात, आणि ज्याच्यासाठी हे सारं चाललं ते बाळ बहुधा भेदरून रडत असतं.

शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यात छठी, अकीका आणि मग 'बिस्मिल्लाह': मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की नवे कपडे घालून त्याच्याकडून पहिला पाठ म्हणवून घ्यायचा. सगळ्या धर्मांच्या पोरांचा सामाईक सण मात्र परभणीचा उरूस. हजरत तुराबुल हक शाह यांच्या दर्ग्यावर फेब्रुवारीच्या सुरुवातीला जत्रा भरते आणि आसपासच्या खेड्यांतली हिंदू कुटुंबंही नवस फेडायला येतात. पाळण्यात बसायचं, पिपाणी घ्यायची, मिठाईचा पुडा घेऊन घरी जायचं. बोरन्हाणाची बोरं संपतात न संपतात तोच उरूस येतो.

१९७२ च्या दुष्काळाने बाकी सगळं पुसून टाकलं. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि पावसाने पाठ फिरवली. बाया खडी फोडायला गेल्या. बाभळीला झोळी बांधून तान्ही लेकरं कामावरच झोपवली. बारशाला घुगऱ्या कुठल्या? लेकरांच्या हातावर सुकडी पडे आणि घरात मिलोची लाल भाकरी. तेव्हाच्या मुलांचं वय गावात अजून "बहात्तरच्या दुष्काळातला" असंच सांगतात. त्याच विद्यापीठाने पुढे इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण काढलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. आया आणि लेकरांच्या अंगातलं रक्त वाढावं हा त्यामागचा हेतू.

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला आणि नोंदीचं काम ग्रामसेवकाकडे आलं. रजिस्टर आलं तरी सवय हळूहळूच लागली. बाळंतपणं घरून दवाखान्यात गेली तेव्हा तारीख पक्की झाली, अगदी तास-मिनिटांसह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झालेली दिसतात. २०२० मध्ये राज्याचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता. मूल वर्षाचं होणार हे आता गृहीत धरता येतं, आणि म्हणूनच पहिला वाढदिवस हा मोठा सोहळा झाला. सेलू-मानवतच्या बेकऱ्यांत केकवर नाव लिहून मिळतं, चौकात बाळाच्या फोटोचा फलक लागतो. घरात आधी औक्षण होतं आणि मग सुरी.

जुन्या सोहळ्यांना सरकारनेही हात दिला. पोषण अभियान २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून अंगणवाडीत ओटीभरण आणि अन्नप्राशन दिवस होतात. सहा महिन्यांच्या बाळाला पाटावर बसवून अंगणवाडीताई पहिला घास भरवते, आणि आईला वरचं अन्न किती, कसं द्यायचं ते सांगते. मामाच्या जागी ताई असते. या पाटावर मांगवाड्यातलं आणि पाटलाच्या वाड्यातलं लेकरू शेजारी शेजारी बसू शकतं, हे जुन्या बारशाला जमलं नव्हतं.

दवाखान्यातून मिळालेल्या जन्मनोंदीत बाळाच्या नावाचा रकाना आधी कोराच असतो. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं, पुढे विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. पाचव्या दिवशी आजी सटवाईपुढे कोरा कागद मांडते. बाराव्या दिवशी आत्या कानात सांगते, "मुंजाजी". काही दिवसांनी बाप ग्रामपंचायतीत जातो आणि अर्जावर, मोबाइलवर शोधून ठेवलेलं दुसरंच नाव लिहितो. घरी परतल्यावर आजी पाळण्याला झोका देत असते, मुंजाजीच म्हणत.