घोस्ट हंटिंगमधले शब्द आणि उपकरणं : ईएमएफ मीटर, ईव्हीपी, स्पिरिट बॉक्स म्हणजे नेमकं काय?

यूट्यूबवर घोस्ट हंटिंगचा एखादा व्हिडिओ लावला की पाचच मिनिटांत 'के-टू स्पाइक झाला', 'ईव्हीपी मिळाला', 'इथे कोल्ड स्पॉट आहे' अशी वाक्यं कानावर पडायला लागतात. हातात लुकलुकणारी यंत्रं, हिरवट नाइट व्हिजन, कुजबुजणारा आवाज. सगळं एखाद्या लॅबमधल्या प्रयोगासारखं वाटतं. पण ही यंत्रं मोजतात काय? आणि प्ले स्टोअरवरचं 'घोस्ट डिटेक्टर' ॲप आपल्या फोनमधलं काय वापरतं? आज आपण हेच एकेक करून समजून घेणार आहोत.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. यातली बहुतेक उपकरणं खोटी नसतात, ती खरोखर काहीतरी मोजतात. गडबड होते ती मोजलेल्या आकड्यावरून थेट 'भूत आहे' असं म्हणताना.

हे सगळं सुरू कुठे झालं?

भुताटकीच्या गोष्टी जगभर आहेत, पण उपकरणं घेऊन तपास करायची पद्धत प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेत वाढली. लंडनमध्ये १८८२ साली 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' ही संस्था स्थापन झाली. पुढे हॅरी प्राइस या इंग्रज संशोधकाने १९३७ मध्ये बोर्ली रेक्टरी नावाचं 'झपाटलेलं' घर वर्षभर भाड्याने घेतलं आणि तिथे निरीक्षक बसवले. त्याच्या पेटीत मोजपट्टी, कॅमेरा, थर्मामीटर, दारं सील करायचं सामान आणि पावलांचा आवाज होऊ नये म्हणून बुटांवर चढवायची नमद्याची आवरणं असायची. म्हणजे त्या सामानाचा बराचसा उपयोग माणसांची लबाडी पकडायला होता!

आज आपण जी यंत्रं बघतो ती टीव्हीमुळे गाजली. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये 'मोस्ट हॉन्टेड' आणि २००४ मध्ये अमेरिकेत 'घोस्ट हंटर्स' हे शो सुरू झाले. यूट्यूबवरचे भारतीय चॅनेलही बरेचसे त्याच साच्यात चालतात.

नेहमी कानावर पडणारे शब्द

बेसलाइन : तपास सुरू करण्याआधी त्या जागेची नेहमीची स्थिती नोंदवणं. तापमान किती, चुंबकीय क्षेत्र किती, बाहेरून कसले आवाज येतात, वायरिंग कुठून गेलंय. या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच. बेसलाइन नसेल तर नंतरच्या कुठल्याही 'स्पाइक'ला अर्थ उरत नाही.

ईव्हीपी : इलेक्ट्रॉनिक व्हॉइस फिनॉमिनन. रेकॉर्डिंग करताना कुणाला ऐकू आला नाही, पण नंतर रेकॉर्डिंगमध्ये सापडला असा आवाज. १९५९ मध्ये स्वीडनमध्ये फ्रेडरिक युर्गेन्सन पक्ष्यांचे आवाज टेप करत होता. त्यात आपल्याला माणसांचे आवाज सापडले असं त्याने सांगितलं आणि तिथून हा प्रकार प्रसिद्ध झाला.

ऑर्ब : फोटोत दिसणारा धूसर गोल ठिपका. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की समोरून उडणारा धुळीचा कण, पावसाचा थेंब किंवा किडा उजळतो. तो फोकसमध्ये नसतो म्हणून गोल दिसतो. डिजिटल कॅमेरे छोटे झाले आणि फ्लॅश लेन्सला चिकटला, तशी ऑर्बची संख्या वाढली.

कोल्ड स्पॉट : खोलीतली एकच जागा अचानक गार लागणं. जुन्या वाड्यांत फटीतून येणारा वारा, ओल धरलेली भिंत, उंच छत ही त्याची नेहमीची कारणं.

पोल्टरगाइस्ट : वस्तू फेकणारं, आवाज करणारं भूत. शब्द जर्मन आहे आणि त्याचा अर्थ साधारण 'धिंगाणा घालणारा आत्मा' असा होतो.

रेसिड्युअल हॉन्टिंग : तीच घटना टेपसारखी पुन्हापुन्हा दिसते असा दावा. याउलट 'इंटेलिजंट हॉन्टिंग' म्हणजे प्रश्नाला उत्तर देणारं भूत. हे दोन्ही दाव्यांचे प्रकार आहेत, सिद्ध झालेल्या गोष्टी नव्हेत.

पॅरेडोलिया : ढगात चेहरा, भिंतीवरच्या डागात देव, पंख्याच्या घरघरीत आपलं नाव. मेंदूला अर्धवट माहितीतून ओळखीचा आकार पूर्ण करायची सवय असते. ईव्हीपीचं बरंचसं कोडं इथेच सुटतं.

डिबंक : दाव्यामागचं साधं कारण शोधून तो खोडून काढणं. चांगला तपास करणारा माणूस सर्वात जास्त वेळ यातच घालवतो.

उपकरणं आणि त्यांचं खरं काम

१. ईएमएफ मीटर, के-टू मीटर
हे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं. मुळात ते वायरिंग आणि विजेच्या उपकरणांजवळचं क्षेत्र तपासायला वापरतात. के-टू मीटरवर पाच रंगीत दिवे असतात, म्हणून व्हिडिओत ते छान दिसतं. पण भिंतीतली वायर, स्विचबोर्ड, इन्व्हर्टर यांच्याजवळही ते पेटतं. तपास करणाऱ्याच्याच खिशातल्या मोबाइलला कॉल आला तरी दिवे नाचू शकतात.

२. स्पिरिट बॉक्स
हा रेडिओच आहे, फक्त एका स्टेशनवर न थांबणारा. तो सेकंदाच्या काही भागात एक-एक फ्रिक्वेन्सी सरकत जातो. त्यामुळे निवेदकाच्या वाक्याचा, गाण्याचा, जाहिरातीचा एकेक तुकडा ऐकू येतो. फ्रँक सम्पशन या अमेरिकन माणसाने २००२ मध्ये असा बॉक्स बनवला, म्हणून त्याला 'फ्रँक्स बॉक्स' असंही म्हणतात. 'तू कोण आहेस?' असं विचारल्यावर एखादा तुकडा नावासारखा वाटणारच, कारण त्यात माणसांचेच आवाज भरलेले आहेत.

३. व्हॉइस रेकॉर्डर
ईव्हीपीसाठी वापरतात. शांत खोलीत बरेच रेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप वाढवतात. मग कपड्यांची सळसळ, पोटातली गुडगुड, लांबचा रिक्षाचा आवाज हे सगळं मोठं होऊन येतं. त्यात व्हिडिओवाल्याने स्क्रीनवर सबटायटल टाकलं, की आपल्याला तेच ऐकू येतं.

४. थर्मल कॅमेरा आणि थर्मामीटर गन
दोन्ही वस्तूंच्या पृष्ठभागातून येणारं इन्फ्रारेड मोजतात. कोविडच्या काळात कपाळावर धरायचे तीच ही गन. ती भिंतीचं तापमान सांगते, मधल्या हवेचं नाही. त्यामुळे हवेतला कोल्ड स्पॉट तिने मोजताच येत नाही! थर्मल कॅमेऱ्यात काच आणि गुळगुळीत फरशी आरशासारखी वागते. त्यात दिसणारी आकृती अनेकदा कॅमेरा धरणाऱ्याचीच असते. भिंतीवर हात टेकून उचलला तर हाताचा ठसाही थोडा वेळ दिसत राहतो.

५. एसएलएस कॅमेरा
स्क्रीनवर काड्यांचा माणूस दाखवणारा कॅमेरा. यात बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट सेन्सर असतो, जो २०१० मध्ये एक्सबॉक्स गेमसाठी आला होता. तो इन्फ्रारेड ठिपके टाकून अंतर मोजतो आणि त्यात माणसाचा आकार शोधतो. माणूस शोधणं हेच त्याचं काम असल्यामुळे पडदा, खुर्ची, दाराची चौकट यांतही तो कधीकधी सांगाडा बसवतो. आयफोनमधलं फेस अनलॉकही ठिपके टाकून खोली मोजायच्या अशाच कल्पनेवर चालतं.

६. रेम पॉड
छोट्या अँटेनाभोवती क्षीण विद्युतक्षेत्र तयार करून त्यात बदल झाला की वाजणारं यंत्र. हाताने स्पर्श न करता वाजणाऱ्या थेरेमिन या वाद्याचं तत्त्व असंच आहे. जवळ गेलेला हात किंवा वॉकी-टॉकीचा सिग्नल याला पुरतो.

७. मोशन सेन्सर
सोसायटीच्या जिन्यात आपण गेलो की दिवा लागतो ना, तोच प्रकार. गरम वस्तू हलली की तो सुरू होतो. उंदीर आणि मांजर यांनाही तो माणसाइतकाच मान देतो.

८. प्लँचेट आणि वीजा बोर्ड
आपल्याकडे हॉस्टेलमध्ये वाटी किंवा नाणं घेऊन करतात ते प्लँचेट. अमेरिकेत वीजा बोर्डला १८९१ मध्ये चक्क खेळणं म्हणून पेटंट मिळालं. आपण ढकलत नाही असं प्रत्येकाला मनापासून वाटतं, तरी बोटांच्या नकळत होणाऱ्या हालचालींनी वाटी सरकते. याला आयडिओमोटर इफेक्ट म्हणतात. मायकेल फॅरडेने १८५३ मध्येच 'आपोआप फिरणाऱ्या' टेबलावर प्रयोग करून ते हातांनीच ढकललं जातं हे दाखवलं होतं. सोपी चाचणी करायची तर सगळ्यांचे डोळे बांधा, बोर्ड गुपचूप उलटा फिरवा आणि मग शब्द जुळतात का बघा.

फोनमधलं घोस्ट डिटेक्टर ॲप

बऱ्याच स्मार्टफोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. हे ॲप तोच आकडा घेतं आणि त्याला रडार, कवटी, शब्द असा साज चढवतं. काही ॲप्स तर सेन्सर न वापरता नुसते रँडम शब्द दाखवतात. अनेक ॲप्सच्या माहितीत बारीक अक्षरात 'फक्त मनोरंजनासाठी' असं लिहिलेलंही असतं.

खात्री करायची असेल तर घरीच हे प्रयोग करा :

• सेन्सरचा आकडा दाखवणारं एखादं साधं ॲप उघडा आणि फोन स्पीकर किंवा लोखंडी कपाटाजवळ न्या. आकडा उडी मारेल. आता घोस्ट ॲप उघडून तेच करा.
• अंधारात फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबा. बऱ्याच फोनवर रिमोटच्या टोकाला फिकट जांभळा दिवा दिसेल. डोळ्यांना न दिसणारं इन्फ्रारेड कॅमेऱ्याला असं दिसतं.
• अंधाऱ्या खोलीत जुना टॉवेल झटका आणि फ्लॅश मारून फोटो काढा. ऑर्बच ऑर्ब!
• एखादा ईव्हीपी चार मित्रांना सबटायटलशिवाय ऐकवा आणि प्रत्येकाला वेगवेगळं लिहायला सांगा. मग चिठ्ठ्या जुळवून बघा.

असं ॲप टाकताना परवानग्याही बघा. चुंबकीय क्षेत्र मोजायला कॉन्टॅक्ट लिस्ट, मेसेज किंवा गॅलरी लागत नाही. मागत असेल तर ते ॲप काढून टाका.

मग माणसांना जाणवतं ते काय?

भीती वाटली म्हणजे माणूस खोटं बोलतोय असं नाही. त्याला खरंच काहीतरी जाणवलेलं असतं, फक्त कारण वेगळं असू शकतं.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे इंजिनिअर विक टँडी यांना त्यांच्या लॅबमध्ये अस्वस्थ वाटायचं आणि नजरेच्या कडेला करडी आकृती दिसायची. एके दिवशी शिकंज्यात अडकवलेली त्यांची तलवारबाजीची तलवार आपोआप थरथरताना त्यांना दिसली. शोध घेतल्यावर कळलं की एका पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा ध्वनी घुमत होता. हे त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. असा ध्वनी प्रत्येक वेळी असाच परिणाम करतो हे काही ठरलेलं नाही, पण तपास कसा करावा याचं हे चांगलं उदाहरण आहे.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर विल्यम विल्मर यांनी १९२१ मध्ये एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. घरात पावलांचे आवाज यायचे, कुणीतरी आहे असं वाटायचं, डोकं जड व्हायचं, मुलं निस्तेज दिसायची, झाडं सुकायची. शेवटी दोष निघाला तो घर गरम करणाऱ्या भट्टीत. तिचा धूर बाहेर न जाता घरात पसरत होता आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सगळ्यांच्या अंगात जात होता.

ही गोष्ट आपल्याला लांबची वाटायला नको. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे याच वायूने माणसं दगावली आहेत. या वायूला ना रंग, ना वास. म्हणून एखाद्या घरात एकाहून जास्त जणांना डोकेदुखी, चक्कर, मळमळ, भास होत असतील, तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत या, डॉक्टर गाठा आणि गीझर, शेगडी, जनरेटर तपासून घ्या. कार्बन मोनॉक्साइड अलार्म बाजारात मिळतो. के-टू मीटरच्या आधी तो घ्या.

झोपेतून जाग आल्यावर छातीवर कुणी बसलंय आणि हलताच येत नाही, असा अनुभव आला असेल तर ते स्लीप पॅरालिसिस असू शकतं. अपुरी झोप आणि ताण यात ते जास्त होतं.

स्वतः जाणार असाल तर

भानगडला सूर्यास्तानंतर जायला बंदी आहे आणि तसा पुरातत्त्व खात्याचा फलकही आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. पण हा नियम भुतांसाठी नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बहुतेक संरक्षित वास्तू अंधार पडल्यावर बंदच असतात. पडक्या वाड्यात आणि गडावर रात्री खरा धोका असतो तो विहिरी, ढासळलेले कठडे आणि सापांचा.

कायद्याचंही भान ठेवा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं किंवा भुताची भीती घालून लोकांत घबराट पसरवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. व्हिडिओसाठी कुणाच्या घराला 'झपाटलेलं' ठरवलंत तर तिथे राहणाऱ्यांना किती त्रास होईल, याचाही विचार करा.

शेवटी सगळ्यात साधी गोष्ट. थर्मामीटर बनवताना तो वितळणाऱ्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात धरून तपासता येतो. भूत ओळखणारं यंत्र तपासायला आधी एक खात्रीचं भूत लागेल, आणि ते अजून कुणाकडेच नाही. म्हणून पुढच्या व्हिडिओत दिवे लुकलुकले की तीन प्रश्न विचारा : हे यंत्र मोजतं काय? बेसलाइन किती होती? आणि हाच आकडा आणखी कशामुळे येऊ शकतो? तिन्हीची उत्तरं त्या व्हिडिओत मिळाली नाहीत, तर मजा म्हणून जरूर बघा, पण पुरावा म्हणून फॉरवर्ड करू नका.