अभियांत्रिकी शिक्षणातील समावेशन (सातारा व सांगली जिल्हे)

जात, लिंग, घरची मिळकत किंवा अपंगत्व आड न येता मुलामुलींना अभियांत्रिकीची पदविका वा पदवी घेता यावी, यासाठी झालेल्या तरतुदी व प्रयत्न.

सांगलीत १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनियरिंग कॉलेज निघाले. तेच पुढे वालचंद महाविद्यालय झाले. कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. जागा मोजक्या असल्याने दुष्काळी पट्ट्यातली मुले तेथवर क्वचितच पोचत. १९८३ मध्ये सांगलीचेच मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. साताऱ्यातील रयत शिक्षण संस्थेचे आणि इस्लामपूरजवळचे राजारामबापू ही दोन्ही महाविद्यालये त्याच वर्षीची. कॉलेज दाराशी आले, फी मात्र आवाक्यात राहिली नाही. प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणगीच्या प्रश्नावर १९८७ मध्ये राज्याने प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या परिणामाबद्दल मतभेद आहेत.

आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला. इनामदार खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने खासगी विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आरक्षण लादता येणार नाही असे ठरवले. आरक्षणाची वाट मोकळी करणाऱ्या ९३ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २००६ चा कायदा करून अल्पसंख्याक संस्था वगळता अशा संस्थांतही निम्म्या जागा राखल्या : अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त व भटके ११, इतर मागास १९ टक्के.

जागांइतकाच प्रश्न राहण्याचा आहे. उदाहरणार्थ, लोणंद (ता. खंडाळा) पुणे–मिरज लोहमार्गावर आहे. तेथून एका अंगाला पुणे, दुसऱ्या अंगाला सातारा, कऱ्हाड व सांगली. पण साताऱ्याचे स्थानक माहुलीजवळ, कऱ्हाडचे ओगलेवाडीला, दोन्ही गावाबाहेर. उतरल्यावर पुन्हा एसटी वा रिक्षा. रोज ये-जा करायची की खोली घ्यायची, हा हिशेब प्रवेशाच्या वेळीच होतो आणि खाणावळ धरून तो बहुधा फीच्या शेजारी मांडला जातो. स्वाधार (अनुसूचित जाती व नवबौद्ध) आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता (अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांची मुले) या योजना त्यासाठीच आहेत.

राहण्याची सोय करून शिकवण्याच्या विचाराचे मूळ जुने आहे. एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकणारे भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. काम करून शिकण्याची त्यांची पद्धत मात्र अभियांत्रिकीच्या भरगच्च वेळापत्रकात बसणे अवघड.

मुली : प्रवेशात ३० टक्के जागा. पुण्यात मुलींसाठी स्वतंत्र कमिन्स महाविद्यालय १९९१ पासून. २०२४–२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती.

दिव्यांग : २०१६ च्या कायद्यानुसार शासकीय व अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा.